झिलई नसलेली फुलदाणी

निशिगंधाचा वास आला की परदेशात, बुकित तिमाहमधला माझ्या प्राध्यापकांचा फ्लॅट आठवतो. ते सुट्टीवर होते, घर मी सांभाळत होते आणि आई गावाहून मला भेटायला आली होती. खिडकीत त्यांची जर्मन पोर्सेलीनची फुलदाणी होती, मुद्दाम कलती घडवलेली, बाहेरून झिलई न दिलेली, पांढरीशुभ्र. "वाकडीच भाजली की गं ही," आई हसली आणि सोबत आणलेल्या बुद्धमूर्तीपुढे निशिगंध ठेवायला हळदीच्या हातांनी ती उचलू लागली. "आई, हात लावू नकोस, डाग पडेल!" मी ओरडले. तिचे हात थबकले. "विहिरीवर आम्हाला अस्संच म्हणायचे," ती हळूच म्हणाली. अक्षरं मी तिच्याच मांडीवर, समतेच्या चळवळीच्या पत्रकांवरून शिकले होते. आज ती नाही. आणि त्या क्षणी मी तिच्याआधी फुलदाणीकडे पाहिलं, याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.