गाडी बसली नव्हती

राजूर घाटातला तो शुक्रवार निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेला नाही. बुलढाण्याहून धामणगाव बढ्याकडे फरशी घेऊन उतरणारा पिकअप वळणावर उलटला आणि रस्त्याकडेला सीताफळं विकणारी बाई त्याखाली सापडली. ठाण्यावर फोन आल्यावर मी, जबाब लिहून घेणारा रायटर आणि दोन शिपाई तिथे पोहोचलो. बाईला जिल्हा रुग्णालयात हलवलं. डॉक्टर खात्रीनं काही सांगेनात. ती दगावली तर कलम वाढणार होतं, आणि ड्रायव्हर जेमतेम पंचविशीचा, आठवड्यापूर्वीच कामाला लागलेला.

ठाण्यात तो तेच तेच सांगत होता. "साहेब, ब्रेकच लागला नाही. माल जास्त नव्हता. निघताना म्या मागून पाह्यलं, गाडी बसली नव्हती."

माल जास्त झाला की मागच्या चाकांवरचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, वाकतात आणि गाडीची मागची बाजू दबते. त्याला गाडी बसणं म्हणतात. ड्रायव्हर लोक वजनाचा अंदाज त्यावरूनच घेतात.

गाडीमालक आला तो तोऱ्यात. "पेला असन साहेब तो!"

वैद्यकीय तपासणीत दारू निघाली नव्हती. मी फुटलेली फरशी गोळा करून पंचांसमक्ष वजनकाट्यावर नेली. गाडीची मालाची मर्यादा बाराशे किलो, फरशी भरली एकोणीसशे. सातशे किलो जास्त, आणि गाडी बसली नाही? ड्रायव्हर खोटा ठरत होता. रायटरने अटकेचे कागद काढले.

तरी मन मानेना. माणूस स्वतःवरच्या आरोपावर गप्प राहतो, पण त्याच्या वस्तूला नावं ठेवली की बोलतो. मी मालकाला म्हणालो, "ड्रायव्हर खोटारडा आहे तुमचा. एवढ्या मालाने कुठलीही गाडी बसतेच."

"कोणतीबी बसन, आपली नाही बसत! दोन पाटे वाढोले म्या मागच्या साली. कंपनी कमीच लिहिते साहेब."

रायटरचा पेन थांबला.

"ड्रायव्हरला सांगितलं होतं?"

"त्याले काऊन सांगाचं? त्यानं चालवाचं!"

आपण काय बोलून गेलो, हे त्याला आमचे चेहरे पाहून कळलं. मग त्याने पाणी मागितलं.

आरटीओच्या निरीक्षकांनी जळून काळे पडलेले ब्रेक लायनर दाखवले. ते म्हणाले, "कंपनी नुसत्या पाट्यांवर वजन ठरवत नाही. ॲक्सल, टायर, चासी, ब्रेक, प्रत्येक भाग किती झेलतो ते तपासते. भरलेली गाडी वेळेत थांबते का, तेही पाहते. जो भाग सगळ्यांत आधी हार मानेल, त्याला धरून एकूण वजन ठरतं. त्यातून गाडीचं आणि माणसांचं वजन वजा केलं की मालाचा आकडा निघतो. यांनी पाटे वाढवले. ब्रेक तेच राहिले."

मालकावरही गुन्हा दाखल झाला. बाई वाचली, एक पाय मात्र अधू राहिला. तिची भरपाई मालकाला द्यावी लागली.

मालकाने गाडीची ताकद वाढवली नव्हती, तिची तक्रार बंद केली होती. तेव्हापासून, कोणी फारच तक्रार करत नसेल, तर मी आधी त्याचं कारण शोधतो.

जामिनावर सुटताना ड्रायव्हर दारात थांबला. "साहेब, आता गाडी बसली का नाही, हे पाहूनबी भागत नाही. मंग पाहाचं काय?"

मी म्हणालो, "काटा. आणि पाटे मोजायचे."

"मालकानं मोजू नाही देल्ले तं?"

"तर किल्ली परत द्यायची."