डाव्या बाजूची खुर्ची

व्हिएन्नात ओटिली झ्वेटलरबाईंचं बटणांचं दुकान होतं. पण काय करता असं कुणी विचारलं, की त्या सांगत, "मी पानं उलटते."

लग्नाआधीपासून त्या पियानो वाजवणाऱ्याच्या डाव्या बाजूला बसत आल्या होत्या. काळा झगा घालायचा. अंगावर दागिना नको, अत्तर नको. ओळ संपत आली की उठायचं, डाव्या हाताने वरचा कोपरा धरून पान उलटायचं आणि खाली बसायचं. टाळ्या त्यांच्यासाठी नसत, म्हणून त्या वेळी मान खाली. स्वतःला पियानो येत नव्हता, स्वरलिपी मात्र त्या किराण्याच्या यादीसारखी वाचत.

"लोकांची पानं बरोबर उलटतेस," त्यांचा नवरा फेर्डल म्हणे, "माझे पॅनकेक तेवढे करपतात." जन्मभर त्याने ट्राम चालवली होती.

त्या हिवाळ्यात प्रोफेसर लान्झिंगर बेथोवनचे पियानोसाठीचे बत्तीसच्या बत्तीस सोनाटा आठ रविवारी सकाळी वाजवणार होते. सात रविवारांत एकोणतीस झाले. बुधवारी प्रोफेसरांची मुलगी गेर्लिंडे दुकानात आली.

"झ्वेटलरबाई, या रविवारी तुम्हाला तसदी नाही. बाबा पाठ वाजवणार आहेत. हल्ली स्वरलिपीची वही समोर कोण ठेवतं? वही असली की बाबा म्हातारे दिसतात."

"सत्तरीचा माणूस आणखी कसा दिसणार?"

गेर्लिंडेने सहा बटणं घेतली आणि पुढच्या रांगेची दोन तिकिटं ठेवून गेली.

"बरं झालं," घरी फेर्डल म्हणाला. "एकदा समोरून ऐक."

बाई बटाटे सोलत होत्या. "एवढा स्वेटर विणल्यावर शेवटच्या तीन ओळी दुसरीला देतं का कुणी?"

"दुसरीला कुठे दिल्यात? कुणालाच नाही दिल्या."

"तेच तर."

रविवारी बाईंनी नेहमीच्या काळ्या झग्यावर लग्नातलं ब्रेसलेट घातलं. प्रेक्षक म्हणून जायचं तर तसंच जावं. जागा मिळाली डावीकडची.

पहिला सोनाटा निर्विघ्न पार पडला. बाईंना त्याचं जरा वाईटच वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली.

दुसऱ्यात सूर घरातून निघतो, हिंडतो, घरी परततो. पण परतल्यावर एका कोपऱ्यावर त्याला वेगळं वळण घ्यावं लागतं. कोपऱ्यापर्यंत सगळं पहिल्यासारखंच. प्रोफेसरांनी जुनंच वळण घेतलं आणि पुन्हा हिंडायला लागले. सभागृहात कुणाला पत्ता नव्हता. प्रोफेसरांचे कान मात्र लाल झाले.

"हाच थांबा मघाशी लागला ना?" फेर्डल कुजबुजला.

"सांधा चुकला त्यांचा. गप्प बस."

कोपरा पुन्हा जवळ आला. परतीच्या खेपेला वहीत नेमकं तिथे पान संपतं. पहिल्या खेपेला तशा जागी संपत नाही. ओळ सरत आली आणि बाई उभ्या राहिल्या, डावा हात वर. आपण प्रेक्षकांत आहोत हे त्यांच्या ध्यानात उरलं नव्हतं.

"बसा हो बाई," मागून कुणी तरी फिसकारलं.

पण प्रोफेसरांना डोळ्याच्या कोपऱ्यातून काळा झगा दिसला होता. पान उलटायचं, म्हणजे ही परतीची खेप. हात योग्य वळणाला लागले. बाई मटकन बसल्या.

मध्यंतरात गेर्लिंडे त्यांना आत घेऊन गेली. प्रोफेसर मान पुसत होते.

"उभ्या राहिलात," ते म्हणाले.

"सवय. माफ करा."

"माफी कसली? नाहीतर लोक संध्याकाळपर्यंत जेवले नसते. शेवटचा मी वही समोर ठेवून वाजवतो."

"बाबा, वही घरी आहे," गेर्लिंडे म्हणाली.

बाईंनी पर्स उघडली आणि स्वतःची प्रत काढली, कोपऱ्याकोपऱ्यावर पेन्सिलीच्या खुणा केलेली.

"तुम्ही ही कशाला आणलीत?" गेर्लिंडेने विचारलं.

"पर्सला जरा वजन असलं की बरं पडतं."

मग दुसरी खुर्ची आणली गेली. समोर फेर्डलने रिकाम्या जागेवर आपला कोट पसरला. बाईंनी ब्रेसलेट काढून गेर्लिंडेच्या हातात दिलं.

"एवढं धरा," त्या म्हणाल्या, आणि डाव्या बाजूला जाऊन बसल्या.