मुक्या रेकॉर्डिंगमधली आई

आईच्या हातची कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी टीव्हीवर दाखवणार होते. नेमकी तेव्हाच माझी कामाची पाळी. मग सुरतमधल्या गोडादऱ्याच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरला टीव्हीचा ट्यूनर जोडला, रेकॉर्डिंगची वेळ लावली आणि कामावर गेलो. पॅकिंग करताना सगळा जीव त्या कॉम्प्युटरच्या डब्यात.

परतलो तर चित्र होतं, आवाज नव्हता. आवाजाची वायर वेगळी लावायची असते, हे सातवीत शाळा सोडलेल्या मला कुठलं माहीत? आई भाकरी थापत काहीतरी सांगत होती. फोनवर विचारलं तर म्हणाली, "काय बोलनू ते मना ध्यानमा नही."

माझ्यासोबत खोलीत राहणारे काका कापडाच्या लूमवर काम करतात. तिथल्या खडखडाटात सगळे एकमेकांचं बोलणं ओठांवरूनच ओळखतात. "मागे घे," म्हणत काका पडद्यासमोर उकिडवे बसले आणि आईच्या ओठांबरोबर हळूहळू बोलू लागले, "मना पोऱ्या सुरतले शे. त्याले हाई भाकर भलती आवडस. तठे कोन करी देस त्याले?"

काकांच्या घोगऱ्या आवाजात आईच बोलत होती.

"परत लावू, काका?"

"लाव. पुढे गावी येत नाहीस म्हणून तुला शिव्या देतेय, त्याही ऐक."

त्या शिव्याही मी हात जोडून ऐकल्या.