उन्हानं खाल्लेली दांडी

आमची पोस्ट साडेचौदा हजार फुटांवर होती. तेवीस जवान, तीन बंकर आणि हेलिपॅड म्हणायचा म्हणून एक सपाट तुकडा. मी हवालदार, नर्सिंग असिस्टंट. औषधाची पेटी माझ्या ताब्यात. सकाळी सहाला रेडिओ चेक, सातला पेट्रोलचं, म्हणजे गस्तीचं, ब्रीफिंग, शनिवारी किट इन्स्पेक्शन. हे रूटीन सांगतोय, कारण चूक त्या रूटीनमध्येच होती.

प्रत्येक जवानाच्या छातीवर, डाव्या पट्ट्याला, एक टुर्निकेट असायचं. टुर्निकेट म्हणजे नायलॉनचा पट्टा आणि त्यात अडकवलेली बोटभर जाडीची दांडी. हात किंवा पाय फुटला की पट्टा वर बांधायचा आणि दांडी पिळायची. पट्टा आवळतो, रक्त थांबतं. एका हातानं काढता यावं म्हणून ते उघड्यावर लावायचा हुकूम होता. हुकूम बरोबर होता. दांडी मात्र प्लॅस्टिकची होती आणि त्या उंचीवरचं ऊन प्लॅस्टिक खातं. वरून रंग तसाच काळा राहतो, आतून ठिसूळ होतं. आमच्या छातीवरच्या दांड्यांनी दोन उन्हाळे खाल्ले होते.

बटालियन स्टोअरमधून मी भांडून नवी टुर्निकेट आणली होती. स्टोअरकीपर दोन देत होता. मी शिवाजी पेठेतला, दोनवर उठणारा न्हवं. चार घेऊनच उठलो. आणि ती चारही पेटीत सीलबंद ठेवली. इन्स्पेक्शनला साहेब आले की पेटी उघडायची, नवंकोरं सामान दाखवायचं आणि शाबासकी घ्यायची. अंगावर जुनी होतीच. ती चालतील असं मी ठरवलं. मीच ठरवलं, दुसऱ्या कुणी नाही.

त्या दिवशी आम्ही सहाजण पेट्रोलला निघालो. बर्फ वितळायला लागला होता. वितळलेल्या पाण्याबरोबर जमिनीत पेरलेले जुने माइन जागा सोडून खाली येतात. १०.४० ला नाईक सलीमचा उजवा पाय एका माइनवर पडला.

सलीम मुजावर कबनूरचा. घरात चार पॉवरलूम, थोरला भाऊ युसुफ ते चालवायचा. सलीमला मागाचा खडखडाट नको होता म्हणून तो फौजेत आला, असं तोच सांगायचा.

मी १०.४२ ला त्याच्यापाशी पोहोचलो. पाय गुडघ्याखाली उरला नव्हता. मांडीला त्याचंच टुर्निकेट चढवलं. एक पीळ, दोन पीळ. रक्त कमी झालं.

"उस्ताद, आवळा की जोरात," सलीम म्हणाला. "पेठंत जेवायला घालत न्हाईत काय तुमास्नी?"

तिसऱ्या पिळाला दांडी कट्‌कन तुटली. माझ्या छातीवरचं काढलं. ते दुसऱ्याच पिळाला तुटलं. तिसरं बघत बसलो नाही. फील्ड ड्रेसिंग बांधलं आणि त्यात रायफलची क्लीनिंग रॉड घालून पिळली. ती निसटत होती. शेवटी दोघांनी धरून ठेवली. रक्त थांबलं तेव्हा घड्याळात १०.५१ झाले होते.

आमच्या रेडिओवाल्यानं पोस्टला हाक दिली. "अल्फा फॉर ब्राव्हो. एक कॅज्युअल्टी, सीरियस. हेली पाहिजे. ओव्हर."

"ब्राव्हो, वेदर बंद. वेट. आउट."

वेदर १२.०५ ला उघडलं. सलीम ११.३० ला गेला होता. पुढं डॉक्टरांनी सांगितलं, पहिल्या अकरा मिनिटांत गेलेलं रक्त परत मिळालं नाही. पोस्टवर परतलो तेव्हा पेटीत चार टुर्निकेट सीलबंद पडली होती.

चौकशी झाली. मेजरसाहेबांनी विचारलं, "सामान स्केलच्या यादीप्रमाणे पूर्ण होतं?"

"होतं, साहेब. पण दांड्या तुटल्या. तेवढी एक ओळ लिहा."

"तुटलेल्या दांड्या कुठं आहेत?"

दांड्या बर्फात राहिल्या होत्या. मी आवाज चढवला, हुज्जत घातली. ओळ लिहिली गेली नाही. कागदावर आलं: सामान पूर्ण, जखम गंभीर. पेटीतल्या चारांबद्दल मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पेन्शनवर आल्यावर पेठेत एक जुना लेथ घेऊन टर्निंगचं दुकान टाकलं. काम शिकायला दोन वर्षं गेली. मग टुर्निकेट करायला घेतलं. दांडी ॲल्युमिनियमची केली. ती तुटत नाही. पण दांडी अडकवायची क्लिप, शिवणीचा दोरा आणि पट्टा यांनाही ऊन खातं, आणि ते बाहेरून दिसत नाही. माझं घोडं तिथंच अडलं.

पट्टा विणायला मी कबनूरला युसुफभाईकडंच गेलो. आता त्यांच्याकडं अरुंद पट्टी विणायची मशीनही आहे. त्यांनी उन्हात ठेवून तुटलेला माझा नमुना हातात फिरवला.

"हवालदार, कापडाला ऊन लागलं त्ये आमाला कसं कळतं? रंगावरनं. कच्चा रंग असला की गिऱ्हाईक आयमाय काढतंय. तुमच्या पट्ट्यात एक धागा मुद्दाम कच्च्या रंगाचा घालू या की."

"आणि?"

"आनि काय? रंग उडाला की पट्टा फेकायचा. अडान्याला बी कळंल."

काळ्या पट्ट्याच्या मधोमध एक गुलाबी सुती धागा आला. वर्षभर आम्ही पट्टे गच्चीवर टांगले. दर महिन्याला एक काढायचा, वजन लावून ताणायचा, दांडी पिळायची. कच्चा रंग चार वेळा बदलला. शेवटी जमलं. गुलाबीचा पांढरा झाला तेव्हाही पट्टा, क्लिप आणि शिवण सगळं धरून होतं. म्हणजे धोका येण्याआधी धागा सांगत होता.

नमुना फौजेच्या तपासणीला दिला. तीन महिन्यांनी बोलावणं आलं. टेबलापलीकडचे साहेब म्हणाले, "पट्टा मजबूत आहे. दांडी उत्तम. पण रंग जातो. नापास."

"साहेब, तो जायलाच पाहिजे. त्यासाठीच घातलाय."

"स्पेसिफिकेशनमध्ये रंग पक्का हवा असं आहे."

"त्या कलमाला माहीत आहे का धागा कशाला आहे?"

"कलम कलम असतं. धागा काढा, आठवड्यात पास करतो."

मी टेबलावर हात आपटला. शिपायानं दार उघडून आत बघितलं. मग मी शांत झालो आणि घासाघीस सुरू केली. धाग्याला कापड म्हणू नका, इंडिकेटर म्हणा. साहेबांनी विचार केला. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "मग ही नवी वस्तू झाली. नवा अर्ज, सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. दोन वर्षं धरून चाला."

आठवडा की दोन वर्षं? जन्मभर मी मिळतंय ते पदरात पाडून घेतलं आहे. दुकानात सहा जण माझ्यावर अवलंबून आहेत. कबनूरपर्यंतच्या वाटेत मी सगळ्यांना शिव्या घातल्या: साहेबांना, कलमाला, त्या प्लॅस्टिकवाल्याला, आणि शेवटी ज्याला घालायच्या होत्या त्यालाही.

युसुफभाईंच्या शेडमध्ये बसून नवा अर्ज भरला. एक रकाना होता: 'या वस्तूची गरज कशावरून सिद्ध होते?' मी लिहिलं, 'पेट्रोलवर उन्हानं ठिसूळ झालेल्या दोन दांड्या तुटल्या. रक्त थांबवायला नऊ मिनिटं लागली. नाईक सलीम शहीद झाला. त्या वेळी चार नवी टुर्निकेट पोस्टवर पेटीत होती. ती जवानांना न देता इन्स्पेक्शनसाठी मी ठेवली होती.'

पट्टा विणणारा म्हणून युसुफभाईंची सही लागत होती. मी कागद त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी हात वर केला, कामगारानं माग थांबवला. ते सावकाश वाचत गेले. शेवटची ओळ पुन्हा वाचली. माझ्याकडं बघितलं नाही.

"इतकी वर्सं बोलला न्हाईसा," ते म्हणाले.

"नाही बोललो."

त्यांनी पेन घेतलं. सही केली नाही. कागद परत माझ्याकडं फिरवला.

"अर्धंच नाव लिवलंय. पुरं लिवा."

मी पुरं लिहिलं: नाईक सलीम दस्तगीर मुजावर, राहणार कबनूर. मग त्यांनी खाली सही केली.