पाचवा पाव

हेडविग आत्या, म्हणजे सगळ्या गावाचीच आत्या, आमच्या गावाची पावाची भट्टी पेटवते, त्याला आता एकेचाळीस वर्षं झाली. दर पंधरा दिवसांनी, शनिवारी. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले, पण लाकडं दुसऱ्या कुणाला रचू देईल तर शपथ. चर्चमागच्या ज्या घरात ती जन्मली, तिथेच ती राहते. ते सोडायला नको म्हणून तिने नवराही घरजावई आणला. तो बिचारा सोळा वर्षांपूर्वी गेला.

मी एर्विन, तीस वर्षं जर्मनीतल्या हुन्सरूकच्या या डोंगरात बस चालवली. मी एखाद्या वळणावर चुकलो असेन, आत्या पावात कधी चुकली नाही. भट्टीत एका वेळी दहा घरांचे तीस पाव जातात. ते ओळखायला प्रत्येक घराची खूण वेगळी. आमची सुरीने कापलेली फुली. तिच्या घराची, तळहाताच्या कडेने पाडलेली एक खाच आणि खाली अंगठ्याचे तीन खड्डे. भाजून सगळे सारखेच काळे होतात, तरी आत्या ज्याचा त्याच्या हातात बरोबर देते. याचा तिला गर्व आहे, आणि तो असायलाच हवा.

गेल्या सप्टेंबरात आमच्या वरच्या खोलीत ब्राझीलहून ओटिलिया उतरली. चौसष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका, धिप्पाड आणि हसरी, घरी शिकलेली आमचीच जुनी बोली बोलणारी. तिचा खापरपणजोबा माथेस पावणेदोनशे वर्षांपूर्वी याच गावातून गेलेला. कुठल्या घरातून, तेही तिला पक्कं ठाऊक होतं: हेडविग आत्याच्या. त्या घराचा उंबरा एकदा ओलांडायचा, एवढंच मनात धरून ती आली होती. रविवारी तिचं परतीचं विमान होतं.

शुक्रवारी मीच तिला आत्याकडे घेऊन गेलो. आत्याने दार अर्धंच उघडलं.

"माथेस आमचाच," ती म्हणाली. "पण तो बुडाला. जहाजासकट. दर नोव्हेंबरात चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा होते. आजीने केली, आईने केली, मी करते."

"तो त्या जहाजावर चढलाच नव्हता, आत्या. बंदरात बिअर प्यायला बसला आणि जहाज निघून गेलं. मग पुढच्या जहाजाने आला. अकरा मुलं झाली त्याला."

"आणि घरी एक ओळ लिहिता आली नाही?"

"लिहायला येतच नव्हतं."

"अहो बाई, बुडालेल्या माणसाला अकरा मुलं होत नाहीत." आणि दार बंद.

मला असा संताप आला! अर्धी पृथ्वी पार करून आलेल्या माणसाला कुणी पायरीवरून परत पाठवतं का? पण ओटिलिया शांत होती. "तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं," म्हणाली.

माझी बायको मार्लीस म्हणाली, "उद्या भट्टीवर चला. तिथे तिला दार लावून घेता यायचं नाही."

सकाळी मार्लीसने राय या काळपट धान्याचं पीठ मळलं आणि एक गोळा पाव घडवायला ओटिलियाला दिला. मी वर फडकं टाकून टोपली भट्टीवर नेली. आत्याने फडकं उचललं आणि कडाडली, "एर्विन! माझा पाव तुझ्या टोपलीत कसा?"

सगळ्या माना वळल्या.

"तीस वर्षं बस चालवलीस, आता चोऱ्या करायला लागलास?"

"आधी तुमचे मोजा की!"

घरून तिने चार आणले होते. तिने मोजले. चार. पुन्हा मोजले. चारच.

"तो माझा आहे," ओटिलिया म्हणाली.

"खूण कुणी सांगितली तुम्हाला? यानेच ना?"

"कसली खूण? पाव असाच करतात. आई करायची, आजी करायची. हे केलं नाही तर पाव कच्चा राहतो, म्हणायची."

"तुमच्याकडे गावाची भट्टी आहे?"

"छे. ज्याच्या त्याच्या अंगणात आपापली."

"मग खूण कशाला?"

ओटिलिया गोंधळली. "ते कधी कुणी विचारलंच नाही."

आत्याने तोच पाव उचलला, मळून त्याचा पुन्हा गोळा केला आणि तिच्यासमोर आपटला. "करून दाखवा."

ओटिलियाचा हात न थांबता फिरला. एक खाच, तीन खड्डे. आत्या त्या हाताकडे बघत राहिली, मग पाव भट्टीत सारू लागली.

तास-दीड तासाने पाव बाहेर आले. ज्याचे त्याला वाटून झाले आणि फळीवर पाच उरले. आत्याने एकेक उचलला, तळाशी ठोकून पाहिला, खाली ठेवला. पुन्हा उचलला. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिला सांगता येईना.

"यातला माझा कुठला?" ओटिलियाने हळूच विचारलं.

"मला काय ठाऊक!" आत्याचे डोळे भरले होते, आवाज मात्र खणखणीत. "पाचही आमच्या घरचे आहेत. पावणेदोनशे वर्षं आम्ही त्या बेवड्यासाठी रडलो, आणि तो तिकडे पोरांना पाव करायला शिकवत होता. बघतेस काय नुसती? टोपली उचल आणि चल. लोणी घरी आहे."