आप्पांचा रंग आणि सपाट मॉनिटर

यवतला एसटी स्टँडसमोर आमचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, दशक्रियेची निवेदनं आणि नव्यानंच सुरू झालेले वाढदिवसाचे फ्लेक्स, अशी कामं मी करायचे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्याच कॉम्प्युटरवर माझा धाकटा भाऊ आणि त्याचे कॉलेजातले मित्र गेम खेळायचे. एका उन्हाळ्यात लाइटच्या जाण्यायेण्यात जुना मॉनिटर फट् आवाज करून गेला आणि आमच्या घरात भांडण सुरू झालं.

नवा मॉनिटर एकच यायचा होता. तो कुणासाठी, हा प्रश्न. मी म्हणायचे, "पत्रिकेतलं कुंकू तपकिरी दिसलं तर बोलणी मला बसतात. मला रंग चोख पाहिजे." भाऊ म्हणायचा, "रंगाचं काय घेऊन बसलीस ताई? गाडी वळवली की ती तवाच वळली पाहिजे. मला स्पीड पाहिजे." मी त्याला रिकामटेकडा म्हणायचे, तो मला पत्रिकावाली म्हणायचा. जेवताना हेच, दुकानात हेच. आपल्याला नेमका कुठला मॉनिटर हवाय, हे मात्र आम्ही एकमेकांना एकदाही विचारलं नाही.

आमचे वडील, म्हणजे नाना, हे सगळं शांतपणे ऐकत होते. नाना ऊस लावायचे आणि उरलेल्या वेळात गावकीचं राजकारण करायचे. सोसायटीच्या निवडणुकीत दोन गट हमरीतुमरीवर आले की तिसराच कुणीतरी बिनविरोध निवडून आणायचा, यात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नव्हता. शेवटी एके दिवशी ते म्हणाले, "चला दौंडला. म्या बघतो."

दौंडच्या दुकानात दोन मॉनिटर शेजारी शेजारी चालू होते. एक आपला नेहमीचा, मागं मोठा डेरा असलेला काचेचा. दुसरा नवा, सपाट, पाटीसारखा पातळ. दोन्हींवर एकच फुलांचा फोटो होता. डेरेवाल्यावर झेंडू झेंडूसारखा दिसत होता. सपाटवर तो समोरून ठीक, पण मान जरा खाली केली की काळवंडायचा. मी मनात ठरवून टाकलं. तेवढ्यात भावानं दुकानदाराकडून दोन्हींवर गेम लावून घेतला. सपाट मॉनिटरवर पळणाऱ्या गाडीमागं धुरासारखी शेपटी दिसत होती. त्यानं तोंड वाकडं केलं.

नानांनी विचारलं, "बोला, कुठला?"

आम्ही दोघांनीही एकदमच डेरेवाल्याकडं बोट केलं.

मला वाटलं, सुटलो. नानांचा चेहरा मात्र एकदम सावध झाला. त्यांनी आम्हा दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "इतकं दिस एकमेकांच्या उरावर बसताय, आन् आज एकमत?" ते हळूच म्हणाले. "काय शिजलंय तुमचं?"

"काही नाही नाना, खरंच तोच चांगलाय," मी म्हणाले.

"नाना, आईशप्पथ," भाऊ म्हणाला.

त्या शपथेनं तर त्यांची खात्रीच पटली. विरोधक एकत्र आले की त्यात आपला घात असतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. दुकानदारानंही तेवढ्यात सांगितलं, की सपाट मॉनिटर लाइट कमी खातो, इन्व्हर्टरवर जास्त वेळ चालतो. नाना सपाटवर हात ठेवून म्हणाले, "हाच बांधा. कुणावर अन्याय नको."

एसटीत तो खोका नानांनी स्वतःच्या मांडीवर घेतला. आम्ही दोघं मागच्या सीटवर बसलो होतो आणि बऱ्याच दिवसांनी एका बाजूचे होतो.

दुकानात मॉनिटर टेबलावर फार खाली यायचा, म्हणून मी तो पत्रिकांच्या नमुन्यांच्या अल्बमवर चढवला. लगेच आप्पांचं काम आलं. आप्पा आमच्या भागातले पुढारी. रंगानं चांगले सावळे, पण तो विषय त्यांच्यापुढं कुणी काढत नसे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्यांचा हात जोडलेला फोटो होता. ते माझ्या शेजारच्या बुटक्या खुर्चीवर बसले आणि मान वर करून बघू लागले.

"पोरी, लई काळा दिसतोय गं. उजळ कर."

मी उजळ केलं. माझ्या उंच स्टुलावरून ते आता गव्हाळ दिसत होते.

"आजून."

"आप्पा, मला तर गोरे दिसताय."

"माझं तोंड मला ठाऊक न्हाई व्हय? आजून कर."

मी करत गेले. त्यांना खालून चेहरा पसंत पडला, तेव्हा माझ्या बाजूनं ते नुकतेच पावडरच्या डब्यातून बाहेर आल्यासारखे दिसत होते. गिऱ्हाईकापुढं किती बोलणार? मी फाइल पुण्याला छापायला पाठवली.

फ्लेक्स चौकात लागला त्या सकाळी मी दुकान उशिरा उघडलं. वर आप्पा गुलाबी, गालावर लाली, ओठ रंगवल्यासारखे. हात तेवढे मूळ रंगाचे राहिले होते. आप्पांची गाडी थेट दुकानासमोर थांबली.

आप्पांनी दारातूनच हाक मारली, "पोरी! आमच्या मंडळींनी पंचवीस वर्षांनी आमच्याकडं नीट बघितलं!"

त्यानंतर आसपासच्या गावांतले होतकरू पुढारी येऊ लागले. "आप्पांसारखा करा" एवढंच सांगायचे आणि आपणहून बुटक्या खुर्चीवर बसायचे. काम एवढं वाढलं की मला एकटीला झेपेना. भावाचा गेम तर त्या शेपट्यांपायी सुटलाच होता. मित्रांकडून रोज हरायचा कंटाळा येऊन तो माझ्या शेजारी बसला आणि फोटोतली डोकी कापायला शिकला. गेममध्ये कमावलेला हात तिथं कामी आला. कार्यकर्त्यांचे केस, टोप्या, गॉगल तो अशा सफाईनं कापायचा की मला हेवा वाटे. पुढं त्यानं त्याच कामात पुण्यात नोकरी धरली.

नाना गावात सांगत, "दोघांचं ऐकलं आसतं तर बसली आसती पोरं भांडत." निकाल त्यांच्या बाजूनं लागला होता.

काही वर्षांनी मी खरा रंग दाखवणारा चांगला मॉनिटर घेतला. कुठूनही बघा, चेहरा तोच. आप्पा पुढच्या वाढदिवसाला आले, पडद्याकडं बराच वेळ बघत राहिले.

"ह्यो बिघडलाय का गं?"

"नाही आप्पा. हा अगदी जसं आहे तसं दाखवतो."

"आस्सं," आप्पा म्हणाले, "मग जुना कुठं ठिवलाय?"