गरम रजई आणि गार घर

आमच्या शेजारणीने नवऱ्याला टाकलं आणि अंथरूण-पांघरूण उचलून दारात उभ्या असलेल्या परक्या गाडीत बिऱ्हाड केलं, ही बातमी सकाळी दूधवाल्याने आणली. दुपारी तिला पाय फुटले. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत त्या गाडीत एक ड्रायव्हरही शिरला होता. ड्रायव्हर मी घातला नव्हता. मी फक्त त्याला मिशा दिल्या.

टाकलेला नवरा, म्हणजे आमचा शिंपी, शीळ घालत बायकोचा डबा घेऊन त्याच गाडीकडे जाताना दिसला, तेव्हा बातमीतली हवा गेली. ती गाडी म्हणजे फिरतं घर होतं. आत पलंग, ओटा, कपाट, छपरावर एसी, ओट्याखाली हीटर. अशा गाड्यांतली गरमी-थंडी दुरुस्त करणं हा शेजारणीचा धंदाच आहे. आम्ही तिला ‘हवामानखातं’ म्हणतो. फरक एवढाच, की हिचे अंदाज खरे ठरतात.

पूर्वी ती फळांच्या शीतगृहात यंत्रं सांभाळायची. ते बंद पडलं तेव्हा रडत न बसता तिने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम मांडलं. बोर्ड नवऱ्याने रंगवला. माप चुकल्यामुळे शेवटची दोन अक्षरं त्याला दुमडून आत घ्यावी लागली, ती अजून तशीच आहेत.

ही गाडी एका निवृत्त नर्सबाईंची. घर विकून त्यांनी ती घेतली होती. दुसरा निवारा नव्हता. पण हीटर लावला की घर तापायच्या आतच बंद पडे. उन्हाळ्यात एसीची तीच तऱ्हा. हीटरला आणि एसीला ‘चालू हो, बंद हो’ सांगणारी भिंतीवरची डबी, म्हणजे थर्मोस्टॅट, दोन गॅरेजांनी दोनदा बदलली होती. गंमत अशी, की गॅरेजात सगळं सुरळीत चालायचं. शेवटी कंटाळून बाईंनी गिऱ्हाईक बघितलं. शनिवारी ते येणार, गाडी जाणार, आणि बाई भाच्याकडे एका खोलीत राहायला जाणार. त्याआधी शेवटचा प्रयत्न म्हणून त्यांनी गाडी आमच्या शेजारणीच्या दारात आणली.

“भाचा गुणी आहे हो,” त्या म्हणाल्या, “पण त्याच्या खोलीला चाकं नाहीत.”

हवामानखात्याने हीटर लावला. बेटा मुकाट चालला. मग तिने कपाट उघडलं. आत लखलखीत, रिकामं.

“बाई, सामान कुठंय?”

“काढून मैत्रिणीकडे ठेवलं. परकी माणसं हात घालणार, पसारा कसा दाखवायचा? गॅरेजातही असंच आवरून दिलं होतं.”

शेजारणीने कपाळाला हात लावला. “डॉक्टरकडे जाताना नटून जावं, तशी नेलीत की गाडी! सगळं परत भरा, जसं राहता तसं. आणि मला एक रात्र पाहुणी म्हणून ठेवून घ्या.”

तेच हे बिऱ्हाड.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पक्कड मागायच्या निमित्ताने आत डोकावलो. दोघी शाली गुंडाळून कुडकुडत चहा घेत होत्या. हीटर गप्प होता आणि भिंतीवरची डबी ‘घर उबदार आहे’ असं बेधडक दाखवत होती.

“पक्कड हवी होती.”

“माझ्या दोन तुमच्याकडेच आहेत, भावोजी. आलात तसे बसा, पण दार लावा. थंडी आत येते.”

“आत आणखी कुठे मावणार ती?”

तिने कपाटाच्या तळातून एक रजई ओढली आणि माझ्या अंगावर टाकली.

“अहो, ही गरम आहे!” मी म्हणालो. “इस्त्री करून ठेवता की काय?”

शेजारणीचा कप तोंडाशीच थांबला. तिने रजईचं टोक गालाला लावलं, कप ठेवला आणि सरळ कपाटात शिरली. आतून आधी बुटांचे जोड आले, मग बॅग, मग तिचं हसू.

कपाटाच्या तळाखालून मागच्या पलंगाकडे हवा नेणारा लवचीक पाइप जात होता. गरम हवाही त्याच वाटेने, थंडही. कपाट भरलं की पातळ तळ दबायचा, पाइपाचा सांधा उघडायचा आणि सगळी ऊब कपाटात कोंडायची. थर्मोस्टॅट त्याच कपाटाच्या भिंतीवर बाहेरून लावलेला. वायरसाठी पाडलेल्या भोकातून गरम वाफारा थेट त्याच्या पाठीवर. त्याला वाटायचं, घर तापलं. सामान काढलं की सांधा पुन्हा बसायचा.

तिने सांध्याला पट्टा आवळला, तळाला खालून आधाराची फळी ठोकली, भोक बुजवलं. मग सगळं सामान परत कोंबून, वर स्वतः कपाटात बसून हीटर चालवून पाहिला. थोड्या वेळाने नर्सबाईंनी शाल काढली. मग स्वेटर काढला. मग डोळे पुसले, आणि म्हणाल्या, गरम हवेने होतं असं.

शनिवारी गिऱ्हाईक आलं. बाईंनी दार बोटभर उघडलं, म्हणाल्या, “विकायचं नाही. आणि मागे सरा, ऊब जाते.” आम्ही अख्खी गल्ली कामं टाकून हे बघायला उभे होतो. त्या दिवशी आमच्यातला जो तो सांगत होता, हवामानखातं आमच्या शेजारचं. तिच्या बोर्डाची दुमडलेली अक्षरंसुद्धा मला सरळ दिसली.

अर्थात दोष शोधला मी, हे मी गावभर सांगत असतोच. परवा शेडमध्ये तिच्यासमोरच पाहुण्यांना सांगितलं, “रजई गरम आहे, हे पहिल्यांदा कोण म्हणालं? विचारा हिला!”

तिने स्क्रू पिळता पिळता वरसुद्धा पाहिलं नाही.

“तुम्हीच म्हणालात, भावोजी. आणि मग ती पांघरून चहा मागितलात.”